कपाट क्रमांक नऊ आणि चिरंतन आकर्षण

जे साहित्य अडीच हजार वर्षं टिकलं ते आणखी आठवडाभर सहज टिकेल, या भरवशावर सुसंस्कृत समाज ते वाचायचं पुढच्या आठवड्यावर ढकलत असतो. यात त्या साहित्याचा काडीचाही अपमान नाही. उलट इतका विश्वास आपण दुसऱ्या कशावरच टाकत नाही. (पालेभाजीवर तर नाहीच.) आमच्या वाचनालयातलं कपाट क्रमांक नऊ हे या विश्वासाचं मूर्तिमंत उदाहरण होतं आणि त्याच्यासाठी नेमलेल्या समितीचा चिटणीस होण्याचं भाग्य मला लाभलं.

कपाट क्रमांक नऊमध्ये प्राचीन ग्रीक आणि रोमन साहित्याचे अनुवाद होते. एकूण खंड एकशे चौदा, कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. प्रत्येकावर शिक्का : 'मौल्यवान. घरी नेण्यास मनाई.' आता वाचनालयाचा नियम सतरा असा, की बारा वर्षांत जे पुस्तक एकदाही कुणी घरी नेलं नाही ते रद्दीत काढावं. आणि नियम अकरा असा, की मौल्यवान पुस्तक घरी नेऊ देऊ नये. दोन्ही नियम सुटे सुटे पाहिले तर शहाणपणाचे आहेत. दोन्ही एकदम लावले की सगळ्यात मौल्यवान पुस्तकं सगळ्यात आधी रद्दीत जातात, हे बारावं वर्ष भरेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

रद्दीची यादी फळ्यावर लागली आणि गावभर हळहळ झाली. जे वाचनालयाचा जिना कधी चढले नव्हते त्यांनी फोन करून हळहळ कळवली. (जिना किती पायऱ्यांचा आहे, अशी चौकशी दोघांनी केली.) तेव्हा कार्यकारिणीने 'प्राचीन ग्रीक व रोमन साहित्याच्या चिरंतन आकर्षणाचा शोध घेणारी समिती' नेमली. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य, जे प्रत्येक भाषणात 'ग्रीकांनी म्हटलंच आहे' असं म्हणत आणि पुढे स्वतःचंच काहीतरी सांगत. दुसरे सदस्य दातांचे डॉक्टर. त्यांच्या प्रतीक्षागृहात एका रोमन माणसाचा संगमरवरी अर्धपुतळा होता आणि दाढ काढायला आलेला माणूस त्याच्याकडे बघत धीर गोळा करत असे. तिसरे बांधकामवाले, जे दर इमारतीच्या दाराशी चार उंच खांब उभारत. खांबांवर काहीही पेललेलं नसे, त्यामुळे ते शुद्ध कलेत मोडत.

समितीने पहिल्याच बैठकीत सभासदांसाठी प्रश्नपत्रक काढलं. मुख्य प्रश्न एकच : 'आपण ग्रीक व रोमन साहित्य वाचलं आहे का?' उत्तराचे पर्याय तीन : वाचलं आहे, पुन्हा वाचतो आहे, पुनःपुन्हा वाचतो. ('नाही' हा चौथा पर्याय सुचवला गेला होता, पण त्याने सभासदांच्या भावना दुखावतील असं ठरलं.) तीनशे पत्रकं वाटली, तीनशे परत आली. सत्तावन्न टक्के लोक पुन्हा वाचत होते. एकेचाळीस टक्के पुनःपुन्हा वाचत होते. उरलेल्या दोन टक्क्यांनी नुसतं 'वाचलं आहे' अशी कबुली दिली आणि पत्रकावर नाव घातलं नाही. मी स्वतः 'पुन्हा'वर खूण केली. आवडता भाग कोणता, या पुरवणी प्रश्नाला एकशे नव्वद जणांनी 'सगळाच' असं उत्तर दिलं. आकर्षण सिद्ध झालं होतं. आता फक्त कपाट पाहायचं राहिलं होतं.

इथे एक किरकोळ अडचण निघाली. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले ग्रंथपाल चुकून खिशात घालून लेकीकडे राहायला गेले होते. दरवर्षीची मोजदाद काचेतून होत असे आणि ती दरवर्षी बरोबर भरे, म्हणून किल्लीची उणीव कुणाला भासली नाही.

"मग चावीकाकांना बोलवा की," विद्यमान ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

चावीकाका म्हणजे आमच्याच जिन्याखाली किल्ल्या बनवणारे गृहस्थ. ते वर आले, कपाटापाशी गेले, खिशातून एक किल्ली काढली आणि कपाट उघडलं. एकूण वेळ चार सेकंद.

"वा!" प्राचार्य म्हणाले. "याला म्हणतात हात!"

"हात कसला साहेब, किल्लीच आहे माझ्याकडे. तीन वर्षांपूर्वी स्टेशनरीच्या कपाटासाठी बोलावलं होतं, चुकून याची बनवली. द्यायला गेलो तर ह्यांनीच सांगितलं, तुमच्याकडेच ठेवा, आमच्याकडे हरवेल."

'ह्यांनी' म्हणजे मी. (इतिवृत्तात 'कार्यालयाने' असं लिहिलं आहे.)

समितीने मग बारकाईने पाहणी केली. एकशे तेरा खंडांवर बोटभर धूळ होती आणि पानं एकमेकांना चिकटलेली होती. त्यांची अवस्था उत्तम, असा शेरा पडला. एका खंडाची मात्र दैना झाली होती. कडा मऊ पडलेल्या, पानोपानी तेलकट बोटांचे ठसे, आणि खूण म्हणून पितळेची एक पातळ पट्टी घातलेली. तपास करता निष्पन्न झालं ते असं, की चावीकाका तीन वर्षं रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, वर येऊन हे पुस्तक वाचत होते. ओळीखाली बोट धरून, रोज पान-दोन पान. एखादं पान आवडलं तर तेच आठवडाभर. ग्रंथपाल बाईंना वाटत होतं की ते पंख्याखाली बसायला येतात.

समितीने हा प्रकार 'अनधिकृत वाचन' या सदराखाली नोंदवला. त्यातून जो निष्कर्ष निघाला तो मी अभिमानाने उतरवून घेतला आहे : जे खंड कुणी वाचले नाहीत ते नव्यासारखे राहिले, जो वाचला गेला तो खराब झाला, सबब, हे साहित्य टिकण्यामागे न वाचणाऱ्यांचा वाटा फार मोठा असून समाजाने त्यांचे ऋणी राहिले पाहिजे. ठराव एकमताने झाला. पुस्तकं रद्दीत न काढता कपाट कायमचं बंद करावं, आत दिवा लावावा, वर 'अमर साहित्य' अशी पाटी ठोकावी, आणि नव्या कुलपाची किल्ली मोहोरबंद पाकिटात घालून मुख्य कार्यालयाकडे पाठवावी. बांधकामवाल्यांनी दोन्ही बाजूंना एकेक खांब स्वतःहून देऊ केला.

नवं कुलूप बसवायचं काम अर्थात चावीकाकांनाच दिलं. दंतवैद्यांनी मला बाजूला घेऊन शंका विचारली, की हा गृहस्थ गुपचूप दुसरी किल्ली करून ठेवेल, त्याचं काय? शंका काकांच्या कानावर गेली.

"मी लावलेलं कुलूप लागलंच पाहिजे, साहेब. मीच मागून उघडायला लागलो तर धंदा काय करायचा?"

त्यांनी स्क्रू घट्ट आवळले. मग हात पुसत ते घुटमळले. "एक विचारू का? तुम्ही सगळ्यांनी वाचलंय म्हणून विचारतो."

"विचारा, विचारा," प्राचार्य प्रसन्न होऊन म्हणाले.

"माझा पहिला खंड झाला. दुसरा आता आत राहतोय. तो माणूस लढाई संपवून घरी निघालाय ना, तो पोचतो असं ऐकून आहे. पण तोवर त्याची आई असते का?"

प्राचार्य चष्मा पुसू लागले, म्हणून काकांनीच पुढे सांगितलं.

"मी रोज रात्री वाचलेलं आमच्या हिला सांगतो. मुलगा आमचा जहाजावर आहे, नऊ वर्षं झाली. दरवर्षी म्हणतो यंदा येतो. त्या माणसाच्या बायकोचं ती काही विचारत नाही. एवढंच विचारते, आईचं काय झालं? म्हटलं, दुसऱ्या खंडात असेल."

प्राचार्य म्हणाले, "थोर साहित्याचं हेच तर वैशिष्ट्य आहे. ते उत्तरं देत नाही, प्रश्न देतं."

"प्रश्न आहेच हो तिच्याकडे," काका म्हणाले.

दंतवैद्यांनी अनुवादागणिक फरक पडतो असं सांगितलं. बांधकामवाल्यांना फोन आला. (फोन वाजला नव्हता.) दुसरा खंड आमच्यापासून हातभर अंतरावर होता, कुलूप अजून लावायचं होतं. पण 'पुनःपुन्हा वाचतो' अशी खूण केलेल्या माणसाने चारचौघांत पुस्तक उघडून उत्तर शोधणं बरं दिसलं नसतं. आणि काका हात लावेनात, कारण हात लावायची मनाई आम्हीच केली होती. त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. मी इतिवृत्तात 'साधकबाधक चर्चा झाली' असं लिहिलं. कुलूप लागलं. लागल्यावर त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं.

या गोष्टीला महिना झाला. घरी जाऊन शोधू म्हटलं होतं, ते राहून गेलं. काका जिन्यात भेटतात, विचारत काही नाहीत, नुसते थांबतात. म्हणून ही कामगिरी मी आता तुमच्यावर सोपवतो. तुम्ही आम्हां सगळ्यांना इथवर हसत आलात, त्याअर्थी ते पुस्तक तुमचं वाचून झालेलं असणार. काका संध्याकाळी सहापर्यंत दुकानात असतात. जाऊन एवढंच सांगा, आई असते की नाही. फक्त मोबाईल खिशातच राहू द्या. त्यांच्यासमोर तो काढलात, तर तुम्हीही समितीवर होतात असं त्यांना वाटेल.