अस्सल चामडं

"सगळं प्लॅन्ड आहे!" अमेरिकेतल्या रेडमंडहून निघताना केदारनं स्टिअरिंगवर थाप मारली. शेजारी बायको, आसावरी. मागे सासूबाई, सुलभाताई. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सासूबाईंनी जावयाचं एकदाही कौतुक केलं नव्हतं. आणि परवा त्यांचं परतीचं विमान! म्हणजे हा शेवटचा चान्स. डोंगरातल्या कुरणावर मेंढपाळांची जुनी लाकडी हट, तिथे मुक्काम, सकाळी शिखर, शिखरावर सासूबाई, आणि सासूबाईंच्या तोंडी "वा!" बस्स, एवढंच.

"आई, त्या रबरी चपला कशाला? उगाच वजन! डोंगरावर असे बूट लागतात. अस्सल चामडं!"

"असू देत हो, केदारराव," म्हणत त्यांनी चपला पिशवीत कोंबल्याच.

वर पोचले. चहूकडे बर्फाच्या टोप्या घातलेली शिखरं, पार खाली दरीत काडेपेट्या मांडल्यासारखं गाव. केदार हटच्या दारातच आडवा उभा राहिला.

"बूट बाहेर! कुठेही गेलो तरी संस्कार सोडायचे नाहीत!" सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

आतला एक दाढीवाला अमेरिकन घाईनं सांगू लागला, "बूट आत घ्या, इथे बाहेर..."

"नो, नो! आमच्यात चालत नाही!"

"अरे, तो काहीतरी सांगतोय," आसावरी म्हणाली.

"त्यांना बुटांसकट पलंगावर चढायची सवय असते, यार!"

मध्येच, मार्मटाची बाजू. मार्मट म्हणजे खारीचा लठ्ठ पहाडी मावसभाऊ. डोंगरावर मीठ मिळत नाही. दारात दिवसभराच्या घामात मुरलेलं चामडं. आणखी काय सांगायचं?

सकाळ.

"माझे बूट!"

लेस गायब. जीभ गायब. समोरच्या दगडावर मार्मट, पंगतीतून उठलेल्या व्याह्यासारखा पोट सांभाळत.

"आसावरी, तुझे?"

"मी त्या माणसाचं ऐकलं."

"आई, तुमचे?"

"उशाला. देवळाबाहेरून दोनदा गेलेत माझे. तेव्हापासून सवयच लागली."

मायलेकी शिखरावर गेल्या. केदार पायरीवर, मोज्यांवर सासूबाईंच्या त्या गुलाबी रबरी चपला घालून. येणारा-जाणारा म्हणे, "नाइस शूज!"

दुपारी सासूबाई परतल्या, उन्हानं लाल, भलत्याच खुशीत. त्यांनी कुरतडलेला बूट उचलला, उलटसुलट न्याहाळला.

"केदारराव, एक सांगू?"

केदार सावरून बसला.

"वा! बूट मात्र अस्सल घेतलेत हं. बघा ना, बिचाऱ्यानं काही म्हणता काही टाकलं नाही!"