नळीला कान लावून

नळी छातीवर टेकवण्याआधी डॉक्टर कोरांतँ यांनी खोलीतल्या सगळ्यांना बजावलं, "मी ऐकत असताना कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही."

"खोकल्यासाठीच तर बोलावलंय तुम्हाला," कपाटासारख्या लाकडी पलंगातून सोआझिगबाई म्हणाल्या.

पॅरिसहून शिकून आलेल्या या तरुण डॉक्टरची दीड वीत लाकडी नळी गावाला अजून पटली नव्हती. गावाचा भरवसा रक्त काढणाऱ्या न्हाव्यावर. नळीखाली छाती द्यायला कबूल झालेल्या सोआझिगबाई पहिल्याच. आज फजिती झाली असती, तर डॉक्टरांना गाशा गुंडाळावा लागला असता.

त्यांनी डोळे मिटून कान लावला. दोन दिवस एका अडलेल्या बाळंतिणीपाशी बसून ते नुकतेच परतले होते. नळीतून संथ ठोके येत होते आणि त्यामागे श्वासाची ये-जा, ओहोटीचं पाणी वाळूवरून मागे सरतं तशी. डॉक्टरांना वाटलं, आपण होडीत पडलोय, वल्हवायला कोणी नाही आणि किनाऱ्यावर आई धिरडी घालतेय. फार बरं वाटलं त्यांना. ते गाढ झोपले.

आणि हे भोवती उभ्या असलेल्या कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण न हलता ऐकायचं असतं हे त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

पाव तास गेला. "एवढा वेळ?" बाईंचा नवरा गेनोले कुजबुजला.

"चांगलं असतं तर केव्हाच उठले असते," शेजारीण म्हणाली आणि पाद्रीबाबांना आणायला गेली.

पाद्रीबाबा मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी घेऊन भर दुपारी रस्त्यानं निघाले, म्हणजे गावाला वेगळं सांगायला नकोच. त्यांच्यामागून धापा टाकत बार्बा आली. ही सोआझिगबाईंची धाकटी बहीण. आईच्या लेसच्या टोपीवरून भांडण झालं, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून तिनं हा उंबरा ओलांडला नव्हता. आज तिनं ती टोपी डोक्यावरून काढून बहिणीच्या हातात दिली.

"घे गं ताई. तुझीच होती. मीच हटून बसले."

सोआझिगबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पाद्रीबाबांनी मोठ्यानं प्रार्थना सुरू केली आणि डॉक्टर दचकून जागे झाले. पाहतात तो सगळं घर गुडघ्यांवर.

"कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," पाद्रीबाबा म्हणाले. "किती वेळ उरलाय, ते तुम्ही सांगायचं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोच सोआझिगबाईंनी त्यांची कॉलर धरून जवळ ओढलं.

"घोरत होतात," त्या कानात म्हणाल्या. "नळीतून माझ्या छातीत घुमत होतं."

"मग उठवलं का नाही?"

"आधी दया आली. मग दारात बार्बाचा आवाज आला."

डॉक्टर उभे राहिले. "काळीज ठणठणीत आहे," ते घसा साफ करत म्हणाले. "साधा खोकला आहे."

बार्बानं टोपीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. तिचा हात किंचित पुढे आला आणि तसाच मागे गेला. मग तिनं पायांतले लाकडी बूट काढले आणि ती सरळ पलंगावर चढली.

"आता माझं ऐका," ती डॉक्टरांना म्हणाली. "आणि हिच्याएवढाच वेळ. तसूभर कमी चालणार नाही."

सोआझिगबाईंनी भिंतीकडे सरकून तिला जागा करून दिली.