भागुबाईंचा गडगा आणि कायद्याचा उतार

चौघांनी भागुबाईंना खुर्चीसकट उचललं आणि ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढायला सुरुवात केली, तेव्हा रस्त्यानं जाणारा एक परका माणूस थांबला. त्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि डोळे मिटले.

भागुबाईंच्या गळ्यात हार होता, हे खरं. त्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा सत्कार होता. चौघांतला एक जण "सांभाळून रे, सांभाळून" म्हणत होता, तेही रडव्या आवाजात, कारण सगळा भार त्याच्याच बाजूला आला होता. परक्या माणसाची काय चूक!

"अरे मेल्या, जिती हाय मी!" भागुबाई वरून कडाडल्या.

तो माणूस चपला तिथंच टाकून पळाला, तो थेट एसटीच्या थांब्यावर थांबला.

त्याच दिवशी भागुबाईंनी भर सभेत सांगून टाकलं, "चौघांच्या हातानं जायचं ते आता एकदाच. त्याच्या अगोदर जो मला उचलील, त्याला मी तिथंच उचलीन."

साखरेनं भागुबाईंचा उजवा पाय गुडघ्याखालून नेला होता. जीभ मात्र जागच्या जागी होती. घरच्या ओट्यावर बसून त्या सुकी मासळी विकायच्या आणि सगळ्या गावावर नजर ठेवायच्या. ग्रामपंचायत तर घरासमोरच. वादळात खाडीचं पाणी आत शिरलं म्हणून नवं ऑफिस तीन फूट उंच जोत्यावर बांधलं होतं. पाणी यायचं थांबलं, आणि भागुबाईही यायच्या थांबल्या. सरपंच गणराजला या दोन्हीतलं जास्त सुख कशाचं, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

ऑफिस आणि घर यांच्यामध्ये भागुबाईंचा गडगा होता. दगडावर दगड रचून केलेलं कुंपण. दर शिमग्याला तो हातभर पुढं सरकायचा, आणि सरकलेल्या जागेत शेवगा, अळू, मिरची असं काहीबाही उगवायचं. गणराजचा बाप सरपंच असताना त्यानं एकदा "वहिनी, गडगा जरा पंचायतीच्या जागेत आलाय काय?" असं विचारलं होतं. त्यानंतर बरेच दिवस तो बिचारा मागच्या दारानं बाहेर पडायचा. तेव्हापासून गडग्याला कुणी काही विचारलं नाही.

भागुबाईंची सून सुचिता अंगणवाडीत कामाला. सासूचा निर्धार ऐकून तिनं मोबाइल काढला.

"आई, दिव्यांगांच्या हक्कांचा कायदाच हाय. दोन हजार सोळाचा. सरकारी इमारत सगळ्यांना आपली आपण आत जाता येईल अशी सुगम्य पायजे, असं लिवलंय."

"दिल्लीत लिवलंय काय?"

"व्हय."

"आणि आपल्या पायऱ्यांना त्याचा पत्ताच न्हाय? थांब, मी कळवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गणराज मोटरसायकल लावतो न लावतो तोच ओट्यावरून हाक आली. "गण्या! तुझं ऑफिस सुगम्य न्हाय!"

शब्द नवा होता, पण भागुबाईंच्या तोंडी असा बसला की जणू माहेरहून आणलेला. भाकरी कडक झाली तर सुगम्य न्हाय. पावसात एसटी आली नाही तर सुगम्य न्हाय. एकदा तर बोंबलांचा भाव पाडून मागणाऱ्या पाहुण्याला त्यांनी "तू माणूसच सुगम्य न्हाय" म्हणून परत पाठवलं.

रोज सकाळ-संध्याकाळ ही हाक ऐकून गणराज जेरीस आला. त्यानं तुळशीराम गवंड्याला बोलावलं आणि घाईघाईत सांगितलं, "पायऱ्यांच्या बाजूला एक उतार काढ. खाली ठेवलेली वस्तू वर गेली पायजे, बास."

चूक झाली ती इथं. तुळशीरामच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी एकाच तऱ्हेचा उतार बांधला होता, पावसाळ्याआधी होड्या वर ओढायचा. त्यानं तोच बांधला, आणि मन लावून बांधला. आखूड, छातीवर येणारा, होडीखाली घालायचे ओंडके घसरू नयेत म्हणून आडव्या खाचा पाडलेला. आणि वर, ऑफिसच्या दाराशी, दोर ओवायला लोखंडी कडी.

"ही कडी कशाला?" गणराजनं विचारलं.

"मग काकी काय आपसूक वर येणार? साहेब, चार टनांची होडी चढंल या उतारावरून. काकी म्हंजे काय..." तुळशीरामनं ओट्याकडं पाहिलं आणि वाक्य पुरं केलं नाही.

उद्घाटनाला सगळा गाव जमला. भागुबाई नवं लुगडं नेसून, गळ्यात हार घालून उताराच्या पायथ्याशी येऊन बसल्या. त्यांनी वर पाहिलं, कडी पाहिली, दोर पाहिला.

"उचलायचं न्हाय ना?"

"न्हाय काकी. ओढायचं."

"मग हरकत न्हाय. होडीला कुणी हात जोडत न्हाय."

सहा खलाशांनी दोर धरला. "हैऽशा!" गाव ओरडला. "हैऽशा!" खुर्ची खाचांवरून खडखडत, डुलत, एकेक वीत वर निघाली. भागुबाईंना ते मनापासून आवडलं. अर्ध्या उतारावर तर त्याच ताल धरून ओरडायला लागल्या, "हैऽशा! अरं, जोर रातच्याला ठेवलाय काय? हैऽशा!"

खुर्ची दाराशी टेकली. गावानं जल्लोष केला. आणि सहाच्या सहा खलाशांनी टाळ्या वाजवायला दोर सोडला.

खलाशांचंही काही चुकलं नाही. होडी वर आली की ओंडक्यावर बसते. खुर्चीला चाकं असतात.

भागुबाई उलट्या तोंडानं निघाल्या. प्रत्येक खाचेला त्यांच्या तोंडून एकेकाच्या खानदानाचा उद्धार होत होता. गणराजचा, तुळशीरामचा, मग सहा खलाशांचा क्रमानं. उतार संपला, अंगण आलं, तरी खुर्ची थांबेना. शेवटी ती धाडकन गडग्यावर आदळली आणि गडग्यावर वाळत घातलेलं जाळं भागुबाईंच्या अंगावर पडलं.

सगळा गाव बघत उभा राहिला. जाळ्यातून आधी हार बाहेर आला, मग आवाज.

"बघता काय? घोळ मासा गावलाय काय तुम्हाला? सोडवा!"

लागलं कुठंच नव्हतं. हसू मात्र इतकं आलं होतं की त्यांनी ते दडवायला आणखी दोघांना शिव्या दिल्या.

सुचितानं तालुक्याला फोन केला. दुसऱ्या आठवड्यात हेमाली नावाची तरुण इंजिनिअर टेप घेऊन आली. तिनं उताराकडं पाहिलं, आणि कडीत बोट घालून ती ओढून बघितली.

"हे काय आहे?"

"रॅम्प," गणराज म्हणाला.

"बंदर आहे हे. नियमानं एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. दोन्ही बाजूंना कठडा. आणि मध्ये विसाव्याला सपाट जागा."

"पोरी, विसाव्याचं नाव माझ्यापुढं काढू नको," भागुबाई म्हणाल्या. "चौघं नेतात तेव्हाबी मध्ये विसावा असतो. बाकीचं सांग."

"बारा फूट?" तुळशीराम हबकला. "एका फुटाला? ही खुर्ची जाणार का लग्नाची वरात?"

"गप रे!" भागुबाईंचा आवाज चढला. गाव पुन्हा जमलाच होता. "कायदा म्हंजे कायदा. दिल्लीतल्या माणसांनी डोकं लावून लिवलाय. त्यात एक इंच कमी केलेला मी चालवून घेणार न्हाय. मध्ये कुणाचं काय येत असंल, तर पाडा! मोटरसायकल लावायची जागा पाडा, गणपतीचा मांडव पाडा, पण उतार पुरा पायजे!"

"पुरा पायजे," गाव म्हणाला.

हेमालीनं टेपचं टोक दाराशी धरायला दिलं आणि ती मागं मागं चालू लागली. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला रस्ता, म्हणून टेप सरळच जाणार होता. तो अंगणातून गेला. गडग्यापाशी आला. हेमाली थांबली, साडी खोचून गडगा चढली, पलीकडं उतरली, अळूतून चालत गेली आणि शेवग्याखाली उभी राहिली.

"इथपर्यंत," ती म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवून भागुबाईंकडं पाहिलं. शेवग्यावर कावळा होता, त्यानंसुद्धा.

गणराजच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. दोन पिढ्यांचा उजेड होता तो. पण पोर सभ्य. तो हळूच म्हणाला, "काकी, गडग्याला धक्का लागणार असंल तर ऱ्हाऊ द्या. तुम्हाला उचलायला आपली चार पोरं हायतच की."

चार पोरं पुढं सरसावलीसुद्धा.

भागुबाईंनी पोरांकडं पाहिलं. गडग्याकडं पाहिलं. त्यातला एकेक दगड त्यांनी दोन धडधाकट पाय असताना स्वतःच्या हातानं पुढं ढकललेला होता. सुचिता पदराआड तोंड लपवून जमिनीकडं बघत होती. आणि एसटीच्या थांब्यावर कुणी परका माणूस उभा आहे का, हे भागुबाईंनी उगाच मान उंचावून पाहिलं.

मग त्या खुर्चीत ताठ झाल्या.

"गण्या, तुला काय वाटलं, मी हा गडगा कशाला पुढं आणला?"

"कशाला काकी?"

"राखण! मोकळी जागा दिसली का कुणीबी टपरी टाकतो. तुझा मेव्हणाच टाकणार होता. सरकारची जागा एवढी वर्षं मी छातीचा कोट करून राखली. तुझ्या बापाला सांगणार होते, पण तो मागच्या दारानं जायचा. कायदा आज आला, जागा मी अगोदरच काढून ठेवली. आता आभार मान आणि पाड."

"आभारी हाय, काकी," गणराज म्हणाला.

"शेवगा मात्र ठेवायचा. विसाव्याला सावली पायजे."

गडग्याच्याच दगडांनी उताराचा पाया भरला. लांबलचक, गुळगुळीत उतार झाला, दोन्ही बाजूंना कठडा. भागुबाईंच्या ओट्यालगत सुरू व्हायचा आणि सरपंचाच्या टेबलापाशी संपायचा. बाळांच्या गाड्या त्यावरून जाऊ लागल्या, टोपल्या घेतलेल्या बाया जाऊ लागल्या, मोतीबिंदूवाली म्हातारी माणसं कठडा धरून जाऊ लागली. भागुबाई पहिल्या दिवशी एकट्यानं चाकं फिरवत वर गेल्या, वर पोचून मागं वळून पाहिलं, आणि डोळ्यांत कचरा गेला म्हणाल्या.

जुन्या ऑफिसात त्या वर्षातून दोनदा सभेला यायच्या. आता रोज सकाळी येतात. नळाचं पाणी, रस्त्यावरचे दिवे, हात धुवायच्या बेसिनची उंची, सगळं सुगम्य आहे का ते बघतात. चाकांचा आवाज आला की ग्रामसेवक फायली उघडून बसतो.

परवा तो आवाज ऐकून गणराज चपला हातात घेऊन पायऱ्यांकडं सटकला. शेवटच्या पायरीवर आला, तर खुर्ची खाली, पायऱ्यांसमोरच उभी.

"पायऱ्यांनी कशाला पळतोस रे?" भागुबाई मायेनं म्हणाल्या. "गुडघे जातील. तिकडून ये, उतारानं. तुझ्यासाठीच तर जागा राखून ठेवली होती मी."