हलू नका!

"पुन्हा यांनाच बोलावलंत? गेल्या वर्षीच्या फोटोत मुलं चित्रं काढताहेत की नापास झालीत, तेच कळत नव्हतं!"

चित्रकलेच्या बाई कला महोत्सवाच्या चिटणिसांच्या कानात कुजबुजल्या. त्यांच्या पाठीमागेच फोटोग्राफरची बायको उजेड फेकायचा चंदेरी पडदा धरून उभी होती. तिने ऐकलं आणि गिळलं. बावीस वर्षांची सवय!

नवरा ओळखपत्राच्या फोटोंचा बादशहा. हनुवटी एवढी वर, कान दोन्ही दिसलेच पाहिजेत! महोत्सवात मात्र त्याचे फोटो दरवर्षी जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी लागायचे. आज निघतानाच त्याने जाहीर केलं होतं, "यंदा समोरची भिंत आपली. लिहून ठेव!" तिने लिहून ठेवलं नाही, पण मनातल्या मनात हात जोडले.

"बाळांनो, हलू नका!"

वीस मुलं जागच्या जागी थिजली. बाई चाटच पडल्या. त्यांच्या 'शांत बसा'ला सहा वर्षांत एवढा मान मिळाला नव्हता!

तो कॅमेऱ्याला डोळा लावून बसला, तो बसलाच. एका ब्रशातून हिरवा थेंब निघाला, डोंगर उतरला, नदी ओलांडून कागदाबाहेर गेला. एका मुलाची शिंक नाकाच्या उंबरठ्यावर अडकली. एका गुणी पोरीच्या हातातला पाण्याचा मग तिरका झाला होता. तिने तो तसाच धरला, आणि धार शेजाऱ्याच्या मांडीवर!

"सर, जरा..." बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्हीही हलू नका! मागे दिसताय."

बाईंचा पुतळा झाला. चिटणीस छताकडे बघत म्हणाले, "वा, छान चाललंय!"

तेवढ्यात शिंक सुटली. साधीसुधी नव्हे, साठवलेली! फोटोग्राफर दचकला, दिव्याच्या वायरीत पाय अडकला आणि तो धप्पकन निळ्या रंगाने भरलेल्या परातीत बसला. पण माणूस बघा! आपण रंगात, कॅमेरा मात्र तान्ह्या बाळासारखा डोक्यावर उचललेला. बोट बटणावरच, खटखट खटखट चालूच! तिचा ऊर असा भरून आला की हातातला पडदाच गळाला.

निळ्या पँटनिशी उठून त्याने कॅमेरा तिच्याकडे दिला. "शेवटचे खराब आलेत. पुसून टाक."

तिने पाहिलं. तिरपा फोटो. पोटं धरून हसणारी मुलं, हवेत ब्रश, बाईंच्या चष्म्यावर लाल ठिपका आणि त्यामागे बाई खदखदून हसताहेत. बाईंनी तिच्या खांद्यावरून डोकावलं, चिटणिसांनी बाईंच्या. मघाची कुजबुज आठवून दोघांनाही एकदम खोकला आला.

"अहो," ती म्हणाली, "बावीस वर्षांत हा तुमचा पहिला चांगला फोटो!"

चिटणीस समोरच्या भिंतीसाठी हातोडी शोधायला पळाले. तो मात्र बघतच राहिला.

"अगं, पण मी कुठे काढला? मी तर पडलो होतो!"

"मग पडत जा ना अधूनमधून!"