मंडळाचा मध्य

दूध आणायला मोजणीदार रोज लांबच्या गल्लीने जात. जवळच्या गल्लीत छापखानेवाल्यांचे घर होते, घराला फाटक होते आणि फाटकावर पितळी पाटी होती: 'मंडळाचा मध्य'. ती पाटी नजरेस पडली की मोजणीदारांना बरगडीखाली डाव्या अंगाला दुखू लागे. डॉक्टरांनी दोनदा तपासून काही नाही म्हणून सांगितले होते. बायकोने एकदाच ऐकून तेच सांगितले होते.

"पाटीच तर आहे," ती म्हणे. "आपणही करून आणू एक. तिच्याहून मोठी."

"तशी पाटी करून आणता येत नाही. ती यावी लागते."

ती कशी येई, त्याचीही एक कथाच होती. गावात नकाशाकारांचे मंडळ होते. जमिनी मोजणारे, नकाशे काढणारे, छापणारे, उपग्रहाने पाठवलेली चित्रे डोळे बारीक करून वाचणारे, असे सगळे त्यात होते. सुरुवातीला मंडळाचा अध्यक्ष मतदानाने निवडत. त्या निवडणुकांत इतकी जुंपली की एकदा अध्यक्षांच्या खुर्चीचा डावा हात निखळून आला. तो तारेने बांधला आणि मग कोणीतरी म्हणाले, आपण नकाशाची माणसे, हेही नकाशालाच ठरवू दे. सगळ्या सभासदांची घरे नकाशावर टिंबांनी दाखवायची, त्या टिंबांचा मध्य काढायचा, आणि त्या मध्याला ज्याचे दार सर्वांत जवळ तो वर्षभर अध्यक्ष, पाटी त्याच्या फाटकावर. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण मध्य आपल्याच घराशी आहे अशी प्रत्येकाची मनातून खात्री होती.

तो पडला छापखानेवाल्यांच्या परसात, पाण्याची टाकी आणि मागची खोली यांच्या दरम्यान, आणि पुढे दरवर्षी तिथेच पडत राहिला. मंडळाच्या तिपाया, फिती, गुंडाळ्या आणि ती खुर्ची, सगळे त्या मागच्या खोलीत राहायला गेले. छापखानेवाल्यांनी यासाठी काडीचेही श्रम घेतले नव्हते, आणि मोजणीदारांना नेमके तेच सहन होत नव्हते. कष्ट करून, लोकांच्या पाया पडून कोणी अध्यक्ष झाला असता तर त्याला नावे तरी ठेवता आली असती. हा गृहस्थ नुसता घरात राहून अध्यक्ष झाला होता. घरही सासऱ्याने दिलेले. वर स्वभावाने चांगला.

मोजणीदारांचे घर तिथून फक्त एक गल्ली पश्चिमेला होते. जन्मभर लोकांच्या हद्दी ठरवून दिलेल्या माणसाला एका गल्लीने हरवले होते.

एका संध्याकाळी बायको तिच्या आईशी फोनवर बोलत होती. "आई, तू इतक्या लांब एकटी राहतेस, आम्हाला काळजी वाटते," असे ती म्हणाली आणि मोजणीदार हातातला चहा तसाच ठेवून उठले. सासूबाई पश्चिमेलाच राहत, दोन बस बदलाव्या लागतील इतक्या लांब. या अंतराबद्दल मोजणीदार आजवर मनातल्या मनात समाधानीच होते; पण त्याचा काही उपयोग होऊ शकेल हे त्यांना सुचले नव्हते. चौघे चादर धरून उभे असताना पाचव्याने लांबून ओढली की मधली उशी त्याच्या बाजूला सरकते. सासूबाई सभासद झाल्या तर मध्य पश्चिमेला सरकणार. किती, ते त्यांनी कागदावर मांडून पाहिले. बरोबर एक गल्ली.

रविवारी ते फळे घेऊन सासूबाईंकडे गेले. एरवी जावई बोलावल्याशिवाय येत नसल्यामुळे सासूबाईंनी आधी मुलीची तब्येत विचारली.

"ती बरी आहे. सासूबाई, तुम्हाला नकाशांची आवड आहे का?"

"नाही."

"लागेल. आमच्या मंडळात या. एक नकाशा आपल्या हाताने काढून दिला की झालं. काहीही काढा, अंगणाचा काढा."

सासूबाई बसडेपोत गाड्यांची वेळापत्रके लावून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी जावयाकडे जरा वेळ पाहिले आणि पेन्सिल मागितली.

पंधरा दिवसांनी त्यांचा नकाशा मंडळात आला. गावातल्या कुठल्या बसथांब्यावर किती वाजता सावली असते, ते त्यांनी दाखवले होते. सकाळची सावली निळी, दुपारची हिरवी, आणि जिथे दिवसभर ऊनच तिथे एक छोटी छत्री. मंडळी नकाशाभोवती गोळा झाली. छापखानेवाल्यांनी तर चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"इतक्या वर्षांत असं काही पाहिलं नाही मी," ते म्हणाले. "हा मी छापणार."

मोजणीदारांच्या बरगडीखाली कळ आली. त्यांनी दोन वर्षे खपून गावातल्या गटारांचा नकाशा काढला होता, तेव्हा हेच छापखानेवाले 'नीट आहे' एवढेच म्हणाले होते. पण मध्याचा विचार करून मोजणीदारांनी सासूबाईंसाठी टाळ्या वाजवल्या.

वार्षिक सभेच्या महिनाभर आधी चिटणीस अंदाजी मध्य जाहीर करत. सभेच्या दिवशी हजेरी होई. प्रत्येक सभासदाने उभे राहून 'आहे तिथेच' म्हणायचे किंवा नवा पत्ता सांगायचा, आणि मग निकाल पक्का होई. त्या वर्षी चिटणिसांनी मध्य वाचून दाखवला तो मोजणीदारांच्या अंगणात, जिन्यापाशी.

मोजणीदारांनी आधी छापखानेवाल्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. या क्षणाची त्यांनी किती वर्षे वाट पाहिली होती.

"अभिनंदन," छापखानेवाले हसून म्हणाले. "बरं झालं बाबा. माझी मागची खोली एकदाची मोकळी होईल."

मोजणीदारांचा अर्धा आनंद तिथेच गेला. माणसाने निदान थोडे तरी जळायला हवे होते.

उरलेला अर्धा आनंद घेऊन ते दुसऱ्याच दिवशी टेम्पो बोलावून मंडळाचे सामान घरी घेऊन आले. निकाल पक्का व्हायचा होता; पण त्यांना धीर नव्हता. फाटकाला पाटीसाठी भोकेसुद्धा पाडून झाली. सामान ठेवायला जागा एकच होती, आतली छोटी खोली. आता त्या खोलीत सासूबाई झोपत. मंडळात आल्यापासून त्यांचे येणे वाढले होते. सभेसाठी म्हणून येत आणि सभा झाल्यावर चार दिवस राहत. त्यांच्या हाताखाली सावलीच्या नकाशासाठी एक समितीही नेमली गेली होती.

त्या शुक्रवारी सासूबाई आल्या तेव्हा पलंगावर खुर्ची होती आणि खुर्चीवर तिपाया.

"जावईबापू, मी झोपू कुठे?"

"काय करणार, जागाच नाही हो. मंडळाचं सामान आहे. म्हणजे तुमचंच."

"हे इथे किती दिवस राहणार?"

"वर्षभर," मोजणीदार म्हणाले. मग त्यांना राहवले नाही. "देवाच्या दयेने पुढेही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "मी बघते माझी सोय."

सोय म्हणजे संध्याकाळची बस, असे मोजणीदार धरून चालले. त्या रात्रीपासून बायको त्यांच्याशी कामापुरतेच बोलू लागली. मध्य आपल्याकडे आला म्हणून तीही जळते आहे, अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि त्यांना बरे वाटले.

सभा मोजणीदारांच्या अंगणात भरली. मधोमध खुर्ची ठेवली होती. हजेरी संपेपर्यंत बसायचे नसते म्हणून मोजणीदार तिच्या तारेने बांधलेल्या हातावर नुसता हात ठेवून उभे होते. चिटणीस नावे घेत होते आणि एकेक सभासद उठून 'आहे तिथेच' म्हणत होता. इतकी गोड दोन शब्दांची कविता आपण आजवर ऐकली नाही, असे मोजणीदारांना वाटत होते. मग सासूबाई उठल्या.

"बदललाय," त्या म्हणाल्या.

चिटणिसांची लेखणी थांबली. "काय बदललाय?"

"पत्ता. छापखानेवाल्यांच्या परसातली मागची खोली. आठ दिवस झाले. उजेड छान आहे तिथे."

"सासूबाई, ते तात्पुरतं असेल," मोजणीदार घाईघाईने म्हणाले. "चार दिवसांचं काय धरायचं?"

"तात्पुरतं कसलं? तिकडचं घर सोडलं मी. भांडी आणली, पलंग आणला, कोरफडीच्या कुंड्या आणल्या. लेकीच्या घरात अडचण नको, आणि लेकीपासून लांबही नको. एक गल्ली म्हणजे अगदी बेताचं अंतर आहे."

मोजणीदारांनी बायकोकडे पाहिले. ती मन लावून कपबशा मोजत होती.

"पण तुम्ही मला एका शब्दानं..."

"तुम्ही मला सभासद का केलंत, ते तरी एका शब्दानं सांगितलं होतंत का?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मी डेपोत होते, जावईबापू. लांब पल्ल्याची गाडी कोणी उगाच सोडत नाही, हे कळतं मला."

चिटणिसांनी पुन्हा हिशेब मांडला. पश्चिमेचे लांबचे टिंब उठून गावात आले होते. चादरीचे ते टोक सुटले आणि उशी गेली पुन्हा जुन्या जागी, छापखानेवाल्यांच्या परसात, टाकी आणि मागची खोली यांच्या दरम्यान.

"म्हणजे परत मीच," छापखानेवाले म्हणाले. बोलले कंटाळल्यासारखे, पण कोटाची बटणे लावत बोलले.

"थांबा," चिटणीस म्हणाले. "नियम दाराचा आहे. त्या परसात आता दोन सभासदांची दोन दारं आहेत. मोजावं लागेल."

सगळी सभा उठून निघाली. एकच गल्ली ओलांडायची होती, पण नकाशाकार असल्यामुळे प्रत्येकाला जवळची वेगळी वाट माहीत होती आणि मंडळी चार बाजूंनी पोचली. परसात खुंटी ठोकली गेली. एक फीत छापखानेवाल्यांच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ताणली, दुसरी मागच्या खोलीच्या. दुसरी फीत पहिलीच्या अर्ध्यातच संपली. दाराशी कोरफडीच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या.

टाळ्या झाल्या. सासूबाईंनी पदर खोचला आणि लगेच पुढच्या सभेची वेळ सांगितली. पाटी फाटकावर होती तिथेच राहणार होती. फक्त आता ती त्यांची होती.

गर्दीच्या मागे मोजणीदार उभे होते. शेजारी छापखानेवाले येऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र कळा आली होती. मोजणीदारांनी ती लगेच ओळखली. किती वर्षे ते ती रोज दाढी करताना आरशात पाहत आले होते.

"दुखतंय?" त्यांनी हळूच विचारले.

"थोडं. इथे, बरगडीखाली."

"डाव्या अंगाला?"

"हो. कशानं जातं हे?"

"जात नाही. गल्ली बदलायची. पाटी दिसली नाही म्हणजे कमी होतं."

"अहो, माझं घरच त्या फाटकाच्या आत आहे," छापखानेवाले केविलवाण्या आवाजात म्हणाले.

हे मोजणीदारांच्या ध्यानातच आले नव्हते. त्यांना त्या माणसाची मनापासून दया आली, आणि दयेबरोबर इतके बरे वाटले की डॉक्टरांना जाऊन सांगावे. आजवर या दोघांचे कशावरच एकमत झाले नव्हते. आता दोघांना एकाच जागी दुखत होते.

"जावईबापू," पुढून सासूबाईंचा आवाज आला, "माझी खुर्ची तेवढी घेऊन या. आणि छापखानेवाले, तुम्हीही जा बरोबर. एकट्याला झेपायची नाही त्यांना."

दोघे निमूटपणे गेले. अंगणात बायकोने खुर्ची आधीच पुसून ठेवली होती. एकाने एक हात धरला, दुसऱ्याने दुसरा, आणि दोघे पायांत पाय अडकवत, एकमेकांना सांभाळून घेत, जिवलग मित्रांसारखे निघाले. मोजणीदारांना वाटले, उगाच घालवली इतकी वर्षे. माणूस चांगला आहे.

गल्लीच्या तोंडाशी तार त्यांच्या बोटांना रुतू लागली. त्यांनी खाली पाहिले, मग छापखानेवाल्यांच्या बाजूचा गुळगुळीत, धड हात पाहिला, आणि ते जागच्या जागी थांबले.

"काय झालं?" छापखानेवाल्यांनी विचारले.

"काही नाही," मोजणीदार म्हणाले. "जरा बाजू बदलू या."