बाप आणी लेक

"या गावात घाण आहे तोवर आपल्याला मरण नाही," असं बाबांनी अंगणाच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. अंगात पिवळा रेनकोट, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, डोळ्यांवर जाड गॉगल आणि हातात बंदुकीसारखी दिसणारी नळी. पाऊस नव्हता, युद्धही नव्हतं. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात, सुनांशी भांडतात. बाबांना सून नव्हती. म्हणून त्यांनी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं लोकांच्या भिंती आणि पायऱ्या धुऊन द्यायचा धंदा काढला होता.

मशीन आदल्याच दिवशी आलं होतं. त्याला एक इंजिन, एक पंप आणि काही केल्या गुंडाळली न जाणारी नळी होती. नळीला लावायची चार रंगांची तोंडं होती. पांढऱ्यातून पाणी पंख्यासारखं पसरायचं, हिरवं त्याहून अरुंद, पिवळं टणक, आणि लाल म्हणजे नुसती सुई. लाल तोंड चुकूनही माणसावर रोखायचं नाही, असं बाबांनी सगळ्यांना बजावून सांगितलं. आई म्हणाली की तुमच्या थोरल्या बहिणीला हे तोंड जन्मतःच बसवलेलं आहे आणि ते रोखलेलंच असतं.

विमा उतरवायला मामा आले होते. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्यांचं पोटच विम्यावर चालायचं, आणि ते पोट बघता धंदा बरा चालला असावा. त्यांनी समजावून सांगितलं की पाण्याच्या फटकाऱ्यानं शेजाऱ्याची काच फुटली, तर कंपनी भरून देईल. ओल्या फरशीवरून जाणारा-येणारा घसरला, तरी देईल. फक्त जी वस्तू धुवायला घेतली आहे, ती बिघडली तर देणार नाही.

बाबांनी बराच विचार केला. "म्हणजे जिथे काम घेतलंय तिथे सांभाळायचं, आणि जिथे घेतलं नाही तिथे काहीही फोडलं तरी चालेल?"

"थोडक्यात तसंच, भाऊजी," मामा म्हणाले, आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

लेक हे सगळं दारात उभी राहून बघत होती. ती एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका ती पगार घेऊन काढायची, घरच्यांच्या फुकट. बापाच्या या नव्या उद्योगावर तिनं एवढंच मत दिलं होतं की माहितीपुस्तिकेचं भाषांतर अतिशय वाईट आहे.

अंगण वर्षानुवर्षांच्या शेवाळानं काळं पडलं होतं. मामा गेल्यावर बाबांनी लाल तोंड बसवलं, इंजिन चालू केलं आणि त्या काळ्यावर पाण्यानं लिहायला घेतलं. जिथून पाण्याची सुई फिरे तिथली फरशी खालून पांढरी निघे. थोड्या वेळानं अंगणभर धंद्याचं नाव उमटलं.

बाप आणी लेक.

"येतेस का?" इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बाबांनी विचारलं.

लेकीनं वाचलं. डोळे सवयीनं जिथे जायचे तिथेच गेले. "आणि-मधला णि ऱ्हस्व असतो, बाबा."

बाबांनी इंजिन बंद केलं, गॉगल कपाळावर चढवला आणि अक्षराकडे बघितलं. आता डावीकडे नवा काना धुवायला हरकत नव्हती, पण उजवीकडचा जादा झालेला काना परत काळा करायला हवा होता. त्यांनी कडेचं ओलं शेवाळ गमबुटानं ओढून त्यावर थापून पाहिलं. ते सुटून आलं.

"धुतलेलं परत मळवायचं कसं, ते तुझ्या पुस्तकांत कुठे दिलंय का गं?"

"उद्या बघू," लेक म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बाबा खुर्चीत टेकले आणि उठले नाहीत. गावात घाण अजून पुष्कळ शिल्लक होती.

मग माणसं भेटायला येऊ लागली. येणारा प्रत्येक जण अंगणातून, म्हणजे बाप आणि लेक या दोघांवरून, चालत यायचा. एका निवृत्त गुरुजींनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच सांगितलं की णी दीर्घ पडलाय, तुमच्या लक्षात आलं असेलच. लेक हो म्हणाली. ती स्वतः जाता-येता अक्षरांना वळसा घालायची. पण गावभरच्या चपलांना वळसा घालायला कोण सांगणार? लेक-मधला ले हळूहळू काळा होत चालला होता.

आईला वेगळीच काळजी होती. अंगण निसरडं झालंय, भेटायला आलेल्यांपैकी एखादा पडला की आपणच त्याला भेटायला जायचं, असं तिचं म्हणणं. एकदा स्वच्छ धुऊन घे आणि ते धूड विकून टाक, नजरेसमोर नको. अंगण धुतलं की नाव जाणार, हे लेकीला कळत होतं. ते अडवायला एकही शहाणं कारण तिला सापडेना. इतकी पुस्तकं वाचून ऐन वेळी अशी फजिती.

कारण समोरच्या दंतवैद्यांच्या रूपानं चालत आलं. ते समाचाराला आले, शोभेल इतका वेळ बाबांविषयी चांगलं बोलले आणि मग म्हणाले की तुमचे वडील आमची दर्शनी बाजू धुऊन देणार होते, अर्थात आता काय बोलणार. लेक ताडकन म्हणाली की बाबांनी शब्द दिलाय तर काम होणार. आधी ते, मग अंगण. मशीन म्हणजे शेवटी काय, नळीच ना.

तिनं माहितीपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि पेन्सिलीनं दुरुस्त केली. एक नियम तिला फार आवडला: आधी कोणाच्या नजरेला न येणाऱ्या कोपऱ्यात छोटा तुकडा धुऊन पाहावा. त्यातले दोन स्वल्पविराम तिनं हलवले. नियम पाळायचा मात्र राहिला.

सकाळी ती बाबांचे गमबूट घालून दंतवैद्यांच्या पायऱ्यांपुढे उभी राहिली. बुटांत तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. कंपनीतर्फे म्हणून मामा छत्री घेऊन हजर होते. बाकावर गाल सुजलेला एक गृहस्थ रांगेत एकटाच बसला होता. लेकीनं पांढरं तोंड लावलं. त्यानं मळाला नुसती अंघोळ घातली. मळ ताजातवाना दिसू लागला. मग तिनं पिवळं लावलं आणि खटका दाबला.

नळीनं शेपटी धरलेल्या मांजरासारखी उसळी घेतली. लेक मागे गेली, एक बूट कुंडीत अडकला, आणि पाणी पायऱ्या सोडून भिंतीवर चढलं. खटका सोडायचा असतो हे तिला पुस्तिकेच्या पान क्रमांकासकट आठवत होतं, फक्त बोटांना आठवत नव्हतं. पाणी थांबलं तेव्हा मामांची छत्री उलटी झाली होती. भिंतीवर निळ्या रंगात दंतवैद्यांनी हौसेनं लिहून घेतलं होतं, 'घाबरू नका. आत या.' त्यातला एकच न साफ निघून गेला होता.

'घाबरू का. आत या.'

सुजलेल्या गालाच्या गृहस्थानं ते वाचलं, गाल सांभाळत उठला आणि घरी गेला.

दंतवैद्य बाहेर आले. लेकीला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "नुसतं प्रश्नचिन्ह दिलं तरी चालेल."

मामा ओल्या बाह्या झटकत पुढे झाले. काम फक्त पायऱ्यांचं ठरलं होतं असं म्हटलं तर भिंत परकी ठरते आणि कंपनी भरपाई देते, असं त्यांनी दंतवैद्यांना बाजूला घेऊन, पण साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा बेतानं सुचवलं. दंतवैद्य म्हणाले की छे, अख्खी दर्शनी बाजू ठरली होती, मी खोटं कशाला सांगू. मग मामांनी दुसरी वाट काढली. भिंत धुवायला घेतली होती हे मान्य, पण अक्षर हे भिंत आहे की भिंतीवर ठेवलेली वस्तू? यावर दोघांचं इतकं जोरात वाजलं की मामांना स्वतःची पॉलिसी काढून वाचावी लागली. ती वाचून ते एकदम मऊ झाले. पॉलिसीत मशीन चालवणारा म्हणून एकट्या बाबांचं नाव होतं.

"भाऊजींच्या हातून झालं असतं, तर काहीतरी करता आलं असतं," ते म्हणाले.

"त्यांच्या हातून झालं असतं तर मी तक्रारच केली नसती," दंतवैद्य म्हणाले, आणि आतून निळ्या रंगाचा डबा घेऊन आले.

लेकीनं न स्वतः रंगवला. तो इतका सुबक आला की शेजारची अक्षरं ओशाळली. दंतवैद्यांनी पायऱ्या आम्हीच झाडू असं परस्पर ठरवून टाकलं, आणि धंद्याचं पहिलं काम सर्वांच्या संमतीनं अर्धवट संपलं.

घरी आई दारातच उभी होती. "हात मोकळा झालाय, तर आता अंगण उरक."

आता कारण उरलं नव्हतं. लेकीनं मशीन अंगणात ओढलं. नाव चपलांखाली मळून करडं झालं होतं. धुतलं तर जाणार होतं, आणि न धुता ठेवलं तरी जाणार होतं. मामांच्या कंपनीकडे यावरही काही नसणार.

तिनं लाल तोंड बसवलं, इंजिन चालू केलं, या वेळी नळी काखेत घट्ट दाबली आणि ब-पासून सुरुवात केली. बाबांच्या हाताची वळणं तिला पाठ निघाली. बाप झाला. आ झाला. ण झाला आणि हात थांबला.

मग तिनं उजवीकडचा जादा काना वरून खालपर्यंत, अगदी सावकाश, पांढराशुभ्र होईतो धुतला. वरची वेलांटीही सोडली नाही. ले-वर तिनं सगळ्यांत जास्त वेळ घेतला.

"अगं, चूक तशीच ठेवलीस?" आईनं दारातून विचारलं. इंजिनाच्या घरघरीत ते लेकीला नीट ऐकू आलं नाही. तिला 'येतेस का?' असं विचारल्यासारखं वाटलं.

"येते," ती घसा फोडून ओरडली, "येते मी."

नेमकं तेव्हाच इंजिनातलं पेट्रोल संपलं. तिचा आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू गेला. समोर दंतवैद्य हातात झाडू घेऊन पायरीवर थबकले.

"आज नको हो," ते घाईघाईनं म्हणाले. "आमचं झालंच आहे झाडून."

"तुम्हाला नाही," लेक म्हणाली. तिनं बाबांचा गॉगल कपाळावर चढवला आणि फरशीकडे बघून, न ओरडता, पुन्हा म्हटलं.

"येते, बाबा."