दामलेनानांचा अल्जेरिया

आमच्या शेजारच्या दामलेनानांसमोर 'वाळवंट' हा शब्द काढायचा नाही. काढलात, तर ते हातातला चहा खाली ठेवतात आणि म्हणतात, "वाळू? कुणी सांगितलं वाळू? अल्जेरियातला सहारा म्हणजे बहुतेक दगड. नुसतं खडकाळ पठार. नीट समजून घ्या."

मग अॅटलास पर्वताच्या दोन रांगा, मधली खारट तळी, दक्षिणेचे होगर डोंगर आणि तिथली हिवाळ्यातली थंडी. हे सगळं इथे लंडनमध्ये, हॅरोच्या सुपरमार्केटात, खजुराचं खोकं हातात धरून, बिल करणाऱ्या टिलवरच्या मुलीला. मागे रांग ताटकळलेली. मी सोबत असले की मेल्याहून मेल्यासारखं होतं. एकदा तर मी ओळखच दाखवली नाही, वांगी निवडत राहिले.

नाना आयुष्यभर कौन्सिलच्या पार्किंग विभागात होते. आफ्रिकेत कधी पाऊल ठेवलेलं नाही. कुणी मुलीची चौकशी केली, की "मुग्धा ना? तिकडे प्रोजेक्टवर आहे," एवढं बोलून स्वारी पुन्हा पठारावर.

प्रोजेक्ट कसला? मुग्धाने होगरच्या पायथ्याच्या करीमशी लग्न केलं आणि तिकडेच राहायला गेली. रजिस्टर ऑफिसात साक्षीदार मी होते. नाना घरी दार लावून बसले होते. "लोकांना काय सांगू?" एवढंच म्हणत होते. काकू त्याआधीच गेलेल्या, त्यामुळे बापलेकीच्या मध्ये बोलणारं कुणी उरलं नाही.

यंदा अधिक महिना लागला आणि नाना रिकामा डबा घेऊन मागच्या दाराने आले.

"मीनल, तुझे अनारसे कोरड्या हवेत टिकतात ना गं?"

"टिकतात की. दमट हवेत मऊ पडतात."

"मग होगरला काही प्रॉब्लेम नाही. ह्युमिडिटी ऑलमोस्ट झीरो."

अधिक महिन्यात अनारशांचं वाण जावयाला देतात. मला हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्या हसण्याची लाज वाटली.

"पार्सलला पत्ता लागेल, नाना."

ते बोटाने ओट्याची कड पुसत राहिले. "तोच नाही माझ्याकडे. आता कुठल्या तोंडाने विचारू? तेव्हा तिच्या लग्नाची लाज वाटली, आता माझीच मला वाटते."

मी फोन लावला, "मुग्धा, बाबा बोलतायत," म्हटलं आणि त्यांच्या हातात दिला. पलीकडून ती दोनदा "बाबा?" म्हणाली.  शेवटी नाना म्हणाले, "जावईबापूंना गोड चालतं ना?"